मंडळीला नको झालेलं चर्च: वॉशिंग्टनमधल्या एका पाडकामाचं प्रकरण

छतातला दिवा गेला की आधी परांची बांधायची, मग माणूस वर चढवायचा, दिवा बदलायचा आणि परांची सोडवायची. वॉशिंग्टन शहरातल्या ‘थर्ड चर्च ऑफ क्राइस्ट, सायंटिस्ट’ या ख्रिस्ती उपासकांच्या मंडळीने स्वतःच्याच इमारतीविरुद्ध जी गाऱ्हाणी मांडली, त्यांतलं हे सर्वांत गाजलेलं. दिवे बदलण्यापायी आठ हजार डॉलरपर्यंत खर्च येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांना असा आकडा मिळाला की दुसरं काही लागत नाही. बाकीचा वाद मागे पडला आणि महागडे दिवे पुढे आले.

प्रकरण थोडक्यात असं. डिसेंबर 2007 मध्ये शहराच्या जतन मंडळाने हे काँक्रीटचं चर्च वारसा वास्तू म्हणून जाहीर केलं. मंडळीचा याला विरोध होता. त्यांनी पाडकामाची परवानगी मागितली, ती जुलै 2008 मध्ये नाकारली गेली. ऑगस्टमध्ये ते शहराविरुद्ध फेडरल कोर्टात गेले. मे 2009 मध्ये शहराच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पाडकामाला हिरवा कंदील दाखवला. 2014 साली चर्च पाडलं गेलं. 1971 मध्ये बांधून झालेली इमारत, पाडताना वय 43.

याबद्दल लिहिणाऱ्यांनी बहुधा दोनच चाली लावल्या. एक, कुरूप काँक्रीट विरुद्ध थोर वास्तुकला. दुसरी, धर्मस्वातंत्र्य विरुद्ध सरकारी दांडगाई. दोन्हींत तथ्य आहे, पण इमारतीचं भवितव्य या दोन्हींनी ठरलं नाही. ते ठरलं जमिनीच्या भावाने, मंडळीच्या पटावरच्या डोक्यांनी आणि सोळा वर्षं टेबलावर पडून राहिलेल्या एका अर्जाने.

जागा

सोळावा रस्ता व्हाइट हाऊसच्या समोरून सरळ उत्तरेला जातो. लाफायेट चौक ओलांडला की कोपऱ्यावर 1816 सालचं पिवळं सेंट जॉन्स चर्च लागतं. राष्ट्राध्यक्षांचं चर्च अशी त्याची ख्याती. तिथून पुढच्या चौकात, सोळावा रस्ता आणि आय स्ट्रीट यांच्या नाक्यावर, थर्ड चर्च उभं होतं. व्हाइट हाऊसपासून चालत पाच-सात मिनिटं. 2020 च्या जून महिन्यात ज्या रस्त्यावर पिवळ्या रंगात ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ ही प्रचंड अक्षरं रंगवली गेली आणि जगभर त्यांचे फोटो फिरले, तो याच जागेसमोरचा रस्ता. चर्च तेव्हा उरलेलं नव्हतं.

वॉशिंग्टनमध्ये गगनचुंबी इमारती नाहीत, याचं कारण 1910 चा उंचीचा कायदा. इमारत किती वर न्यायची हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि व्यापारी रस्त्यांवर साधारण 130 फुटांशी गाडी थांबते. वर जाता येत नाही म्हटल्यावर बिल्डर आडवे पसरतात आणि भूखंडाचा इंचन् इंच भरून काढतात. मध्यवर्ती भागातल्या कचेऱ्या म्हणूनच एका उंचीच्या, एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात. अशा ठिकाणी साठेक फूट उंचीचं चर्च, आणि त्याच्या बाजूला मोकळं फरशीचं अंगण. मुंबईच्या भाषेत बोलायचं तर न वापरलेला एफएसआय, म्हणजे भूखंडावर बांधता येईल एवढं क्षेत्र, राजरोस उन्हात पडून होता. हे ज्याला दिसायचं त्याला दिसत होतंच.

इमारत

आराल्दो कोसुत्ता हे तिचे वास्तुकार. जन्म 1925 चा, आज क्रोएशियात असलेल्या क्र्क बेटावरचा. पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए या वास्तुकारांकडे काम केलं, नंतर अमेरिकेत आय. एम. पेई या वास्तुकारांच्या कचेरीत भागीदार झाले. काँक्रीट हे त्यांचं माध्यम. पेईंच्या कचेरीतल्या अनेक काँक्रीट इमारतींमागे त्यांचा हात आहे. याच पंथाचं बोस्टनमधलं मुख्यालयही त्यांनीच रचलं. बोस्टनकडे पुढे येऊच.

ख्रिश्चन सायन्स हा पंथ मेरी बेकर एडी यांनी 1879 मध्ये स्थापन केला. आपल्याकडे तो फारसा परिचित नाही आणि सायंटॉलॉजीशी त्याची गल्लत हमखास होते. त्या दोघांचा काही संबंध नाही. या पंथात पाळक नसतो. उपासनेत दोन वाचक असतात. एक पवित्र शास्त्रातून वाचतो, दुसरा एडीबाईंच्या ग्रंथातून. बुधवारच्या सभेत लोक उभे राहून आपल्या बरं होण्याच्या साक्षी देतात. वेदी, मिरवणूक, मूर्ती यांतलं काही नाही. म्हणजे वास्तुकाराला हवी असते ऐकण्याची खोली, जिथे वाचणाऱ्याचा आणि कुठल्याही बाकावरून उठून बोलणाऱ्याचा आवाज सर्वांना पोचेल.

कोसुत्तांनी अष्टकोन घेतला. सुमारे चारशे माणसं बसतील अशी सभागृहासारखी मांडणी केली आणि उजेड वरून आणला. रस्त्याच्या बाजूने भिंत जवळपास कोरी. तिच्यातून घंटा बाहेर काढलेल्या, काँक्रीटच्या एका पुढे आलेल्या आधारावर टांगलेल्या. दार रस्त्यावर नाहीच. अंगणात वळायचं, ठेंगण्या प्रवेशातून आत शिरायचं, आणि मग एकदम ते उंच, शांत दालन. अंगणापलीकडे आठ मजली कचेरी, तीही त्याच काँक्रीटची; पंथाच्या ‘ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’ या वृत्तपत्राशी जोडलेली. चर्च, अंगण आणि कचेरी असा तो एकच विचार होता. सोळाव्या रस्त्याची वर्दळ बाहेर ठेवून आत ऐकायला जागा करायची.

हा विचार कागदावर पटतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र इथे चर्च आहे हेच कळत नसे. मंडळीची खरी तक्रार ही होती आणि ती दिव्यांच्या खर्चापेक्षा गंभीर होती. आम्ही सर्वांना या म्हणतो आणि आमची इमारत पाठ फिरवून उभी आहे, लष्करी बंकर वाटते ती, असं ते सांगत. वास्तुकलेच्या अभ्यासकांनी यावर नाक मुरडलं. मला ते चुकीचं वाटतं. जी माणसं दर रविवारी त्या कोऱ्या भिंतीला वळसा घालून आत जातात, त्यांचा अनुभव हाही इमारतीबद्दलचा पुरावाच आहे.

काँक्रीटबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर येतं. आपल्याकडे काँक्रीट हा सांगाडा असतो. शटरिंग खोललं की त्यावर प्लास्टर, प्लास्टरवर रंग. आतलं काँक्रीट कसं आलं ते कुणी पाहत नाही. कोसुत्तांच्या पिढीच्या इमारतींत शटरिंग खोलल्यावर जे दिसतं तोच अंतिम चेहरा. फळ्यांचा सांधा दिसतो, ओतकामात खंड पडला असेल तर त्याची रेघ दिसते. चांगल्या काँक्रीटला घडीव दगडाची प्रतिष्ठा देणारं काम आहे ते, पण दुरुस्तीच्या वेळी अंगाशी येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, काँक्रीटची अल्कता कमी होते, आणि त्या अल्कतेच्या जोरावर सुरक्षित राहिलेल्या सळ्या गंजायला लागतात. गंज फुगतो. वरचे ढलपे सुटतात. प्लास्टरच्या इमारतीत गवंडी बोलावून लिंपून घेतलं की काम झालं. इथे कुजका भाग कडेने सरळ कापायचा, सळई घासून स्वच्छ करायची, मूळच्या सिमेंटचा आणि खडीचा रंग जुळेल असं मिश्रण शोधायचं, नमुने ओतून ते सुकू द्यायचे, ऊन-पावसात त्यांचा रंग कसा उतरतो ते बघायचं आणि मग ठिगळ भरायचं. एवढं करूनही ते ओळखू येतंच. शिवाय अशा एकसंध भिंतीत उष्णतारोधक थर घालायला जागा नसते; आतून घातला तर आतला चेहरा झाकला जातो, बाहेरून घातला तर बाहेरचा. वॉशिंग्टनचा उन्हाळा दमट आणि हिवाळा बोचरा. चारशे माणसांसाठी मापलेलं ते उंच दालन तापवायचं किंवा थंड करायचं, आणि खाली बसलेली माणसं पन्नासेक.

होय, पन्नासेक. 2007 पर्यंत मंडळी तेवढीच उरली होती. अमेरिकेत हा पंथ गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून आटतच आला आहे.

भिजत घोंगडं

चर्चला वारसा दर्जा मिळावा असा अर्ज शहरातल्या जतनवादी संस्थांनी 1991 मध्ये केला होता. इमारत तेव्हा वीस वर्षांची. मूळ वास्तुकार हयात, पंथाचं मुख्यालय सुस्थितीत, मंडळी आजच्यापेक्षा मोठी. अर्ज निकाली निघाला डिसेंबर 2007 मध्ये, आणि तोही कधी, तर कोपऱ्याच्या पुनर्विकासाच्या हालचाली उघड झाल्यावर. मधली सोळा वर्षं कुणी त्याकडे पाहिलं नाही.

माझ्या मते प्रकरण इथे हातचं गेलं. दप्तरदिरंगाई सगळीकडे असते, पण या दिरंगाईचा एक खास परिणाम झाला. 1991 मध्ये दर्जा दिला असता तर तो इमारतीबद्दलचा निर्णय ठरला असता. 2007 मध्ये तोच दर्जा मंडळीच्या व्यवहारात घातलेली खीळ दिसला. मंडळाने एकमताने, गुणवत्तेवर निर्णय दिला, पण मंडळीला त्यात गुणवत्ता दिसण्याचं कारण उरलं नव्हतं. त्या सोळा वर्षांत शहर, पंथ आणि जतनवादी एका टेबलाभोवती बसले असते तर बोलायला बरंच होतं. खिडक्या कुठे उघडता येतील? दार अंगणातून रस्त्याकडे आणता येईल का? कचेरीच्या इमारतीतून येणाऱ्या पैशांतला वाटा चर्चच्या देखभालीला मिळेल का? हे प्रश्न पुढे आले, पण वकील नेमल्यानंतर. तेव्हा जतनवाद्यांनी सुचवलं की इमारतीत बदल करता येतील, दर्जा मिळाला म्हणजे ती गोठली असं नाही. मंडळीला तोवर ती इमारतच नको होती.

वयाचा मुद्दाही यात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत सहसा पन्नास वर्षांखालच्या वास्तूला जागा नसते. असाधारण महत्त्व सिद्ध केलं तर अपवाद. धार्मिक मालमत्तांनाही वेगळी कसोटी लावली जाते: महत्त्व वास्तुकलेचं किंवा इतिहासाचं हवं, नुसतं धार्मिक चालत नाही. शहराची स्वतःची यादी त्या नियमाने बांधलेली नाही, म्हणून छत्तिसाव्या वर्षी या चर्चला तिथे प्रवेश मिळाला. आपल्याकडे दिल्लीत हेच उलट घडलं. वास्तुकार राज रेवल यांचा 1972 चा हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनांचा हॉल एप्रिल 2017 मध्ये रातोरात पाडला गेला, कारण साठ वर्षांखालच्या इमारतीचा वारसा म्हणून विचार करायचा नाही, असं तिथल्या समितीने आधीच ठरवून टाकलं होतं. आधुनिक इमारतीचं हे दुखणं आहे. पाडण्याच्या वयाला ती चाळिशीत पोचते आणि जपण्याच्या वयाला पन्नाशी-साठीत.

कोर्टाची पायरी

मंडळीने दाव्यात आधार घेतला तो धार्मिक संस्थांच्या जमीनवापराबाबतच्या 2000 सालच्या केंद्रीय कायद्याचा. वकिली बोलीत त्याला ‘आरलूपा’ म्हणतात. सरकारने जमीनवापराचा नियम लावून धर्माचरणावर मोठा भार टाकला, तर तसं करण्याची निकड आणि दुसरा सौम्य मार्ग नसल्याचं सरकारने दाखवायचं, असा त्याचा गाभा. धर्मस्वातंत्र्याचे खटले लढवणारी बेकेट फंड ही संस्था मंडळीच्या बाजूने उभी राहिली.

या कायद्याच्या मुळाशी पुन्हा एक चर्च आणि एक जतनाचा नियमच आहे. टेक्ससमधल्या बर्नी या लहानशा गावी सेंट पीटर कॅथलिक चर्चला जागा पुरेना. वाढवायला परवानगी मागितली तर गाव म्हणालं, इमारत ऐतिहासिक परिसरात येते, हात लावायचा नाही. चर्चने 1993 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा हवाला दिला. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1997 मध्ये न्यायालयाने तो कायदा राज्यांना आणि गावांना लागू करता येणार नाही असा निकाल दिला. त्यावर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तीन वर्षांनी नेमका आणि आटोपशीर असा आरलूपा केला. त्यामुळे अमेरिकेत धर्मस्थळांच्या जतनाचं नाव निघालं की वकिलांचे कान लगेच टवकारतात.

थर्ड चर्चच्या दाव्यातला तो मोठा घटनात्मक प्रश्न मात्र टोकाला गेलाच नाही. नाट्य सगळं तिथे होतं, निर्णय झाला शहराच्या एका प्रशासकीय दालनात.

शहराच्या 1978 च्या जतन कायद्यात पाडकामाला दोन वाटा आहेत. पाडणं सार्वजनिक हिताचं आहे हे दाखवा, किंवा परवानगी न मिळाल्यास अवाजवी आर्थिक हाल होतील हे दाखवा. हा निवाडा जतन मंडळ करत नाही. मंडळ मत देतं आणि अंतिम शब्द महापौरांच्या वतीने नेमलेल्या अधिकाऱ्याचा. इथे त्या होत्या शहराच्या नियोजन संचालक हॅरिएट ट्रेगोनिंग. ‘आर्थिक हाल’ ही कसोटीही दिसते तेवढी सैल नाही. सामान्य मालकाच्या बाबतीत तिचा अर्थ असा, की परवानगी नाकारणं म्हणजे भरपाई न देता मालमत्ता काढून घेण्यासारखं झालं पाहिजे. नफा कमी होतो, एवढ्याने भागत नाही. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर चढवू द्यायला शहराने नकार दिला, त्या 1978 च्या खटल्यापासून हे पक्कं आहे.

पण रेल्वे कंपनीला लावलेली फूटपट्टी पन्नास माणसांच्या उपासनामंडळीला कशी लावायची? तिला इमारतीतून परतावा मिळवायचाच नसतो. तिचा प्रश्न एवढाच, की आमचं काम या इमारतीत चालू राहील की इमारत आम्हाला खाऊन टाकेल. हिशेब मांडला गेला तेव्हा चित्र स्पष्ट होतं. डागडुजी, ऊर्जा, दिवे, सगळं मिळून इमारत मंडळीची शिल्लक संपवत होती. पैसा संपला की मंडळी मोडणार, आणि मंडळी मोडली की तिच्यासाठी घडवलेली इमारतही रिकामी पडणार. मे 2009 मध्ये ट्रेगोनिंग यांनी आर्थिक हालाच्या मुद्द्यावर पाडकामाला मान्यता दिली.

जतनवाद्यांनी याचं खापर त्यांच्यावर फोडलं. पण त्यांच्या समोर आलेल्या हिशेबात एका बाजूला खर्चाचे आकडे होते आणि दुसऱ्या बाजूला वास्तूचं महत्त्व सांगणारी निवेदनं. ‘देखभालीचा एवढा भाग आम्ही उचलतो’ असं म्हणणारा कागद त्यांच्यासमोर आला असता तर निकाल वेगळा लागू शकला असता, असं मला वाटतं. मंडळीची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. व्हाइट हाऊसजवळच्या कोपऱ्याची मालकी असलेली संस्था हलाखीत आहे असं म्हणताना कुणाच्याही भुवया वर जातील. तिच्यापाशी रोकड नव्हती आणि जमीन अफाट मोलाची होती. मात्र ती जमीन मोकळी करण्याच्या आड इमारत येत होती.

पाडकाम लगेच झालं नाही. मधली वर्षं मंदीची होती. 2014 च्या सुरुवातीला यंत्रं लागली. जाड, सळईबंद भिंती फोडायला वेळ लागतो, आणि अशा वेळी नेहमी निघणारा उद्गार तेव्हाही निघाला, की एवढी मजबूत होती तर पाडली कशाला. जागेवर रॉबर्ट ए. एम. स्टर्न यांच्या कचेरीने आखलेली कार्यालयीन इमारत उभी राहिली, दगडी चेहऱ्याची, आजूबाजूच्या रांगेत मुकाट बसणारी, आणि मंडळीला तिथेच नवी, लहान, रस्त्यावरून दार दिसणारी जागा मिळाली. पाडकामाच्याच वर्षी, 2014 मध्ये, गेटी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तूंच्या जतनासाठी ‘कीपिंग इट मॉडर्न’ ही अनुदान योजना सुरू केली. जुन्या काँक्रीटची तपासणी, जतन आराखडे, असल्या रुक्ष पण नेमक्या कामांना ती पैसा देत असे. थर्ड चर्चला 1990 च्या दशकात असंच काही हवं होतं.

तोच वास्तुकार, तोच पंथ, दुसरं शहर

आता बोस्टन. पंथाचं मुख्यालय तिथे, ‘मदर चर्च’ म्हणजे पंथाचं मूळ चर्च तिथे. जुन्या चर्चभोवती कोसुत्तांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून काँक्रीटचं आख्खं संकुल रचलं: लांब स्तंभावलीची इमारत, अठ्ठावीस मजली प्रशासकीय मनोरा, वक्र भिंतीची रविवार शाळा आणि मध्ये सातशे फुटांच्या आसपास लांबीचा उथळ जलाशय. पंथ तिथेही आटत होता. मनोऱ्यात माणसं कमी, जलाशयाला गळती, देखभाल डोईजड. म्हणजे दुखणं वॉशिंग्टनचंच, फक्त कितीतरी पट मोठं.

पण तिथे मालकाकडे संकुलाच्या कडेला विकण्याजोगे मोकळे भूखंड होते. पंथाने शहराशी, रहिवाशांशी आणि जतन आयोगाशी काही वर्षं बैठका केल्या. 2011 मध्ये संकुल बोस्टनची वारसा वास्तू ठरलं आणि त्याच सुमारास कडेच्या भूखंडांवर बांधकामालाही मंजुरी मिळाली. त्यांतल्या एकावर 61 मजली, 742 फुटी वन डाल्टन मनोरा 2019 मध्ये पुरा झाला. तो पेईंचे जुने भागीदार हेन्री कॉब यांनी आखला, म्हणजे संकुल ज्या कचेरीतून निघालं होतं त्याच कचेरीच्या वारसदारांनी. जलाशयाची दुरुस्ती झाली, त्याला लागणारं पाणी कमी झालं, नवी झाडं आली.

वॉशिंग्टनला हा मार्ग होता का? भूखंड लहान, कडेला मोकळी जागा नाही, वर उंचीचा कायदा. न वापरलेलं बांधकाम हक्काच्या रूपात दुसऱ्या भूखंडावर विकता आलं असतं तर कदाचित होता. मुंबईत वारसा इमारतीच्या मालकाला गमावलेल्या बांधकाम हक्कांच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडावर नेता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद 1995 च्या वारसा नियमावलीतच आहे. ती किती वापरली जाते हा वेगळा विषय. पण मालकाला नुसता दर्जा चिकटवून भागत नाही, त्याच्या हाती काहीतरी द्यावं लागतं, हे त्या तरतुदीत निदान मान्य केलं आहे.

दुसरं उदाहरण इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावचं. ईरो सारिनेन यांनी आयुष्याच्या अखेरीस आखलेलं नॉर्थ ख्रिश्चन चर्च त्यांच्या निधनानंतर 1964 मध्ये पुरं झालं. षट्कोनी, बसकं छप्पर आणि त्यातून निघालेला 192 फुटी सुळका. 2000 साली, म्हणजे वयाच्या 36 व्या वर्षी, ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरलं. पन्नास वर्षांचा नियम तिथे आड आला नाही. कारण ते गावच वेगळं. कमिन्स या इंजिन कंपनीचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांच्या पुढाकाराने कंपनीचं प्रतिष्ठान गावातल्या सार्वजनिक इमारतींच्या वास्तुकारांचं मानधन देत आलं. मिलर स्वतः या मंडळीतले. आधुनिक वास्तुकला हा तिथे गावाचा अभिमान आहे, नियमावलीतला परिच्छेद नाही. गेटीने 2019 मध्ये या चर्चच्या जतन आराखड्याला अनुदान दिलं. तरी माणसं कमी होत गेली आणि 2022 मध्ये मंडळीने शेवटची उपासना करून काम थांबवलं. पुढे तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने वास्तू ताब्यात घ्यायचं ठरवलं.

वॉशिंग्टनमध्ये मंडळी टिकली आणि चर्च गेलं, कोलंबसमध्ये चर्च टिकलं आणि मंडळी गेली. जतनवादी दुसऱ्याला यश म्हणतील आणि वास्तूपुरतं ते आहेही. थर्ड चर्चच्या सभासदांना विचारलं असतं तर त्यांनी पहिलंच निवडलं असतं, आणि निवडलंच. आपल्याकडे देवळाच्या विश्वस्तांशी जो बोलला आहे त्याला हे नवं नाही. हेमाडपंती शिखरावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात चकचकीत टाइल बघून आपण हळहळतो, पण देऊळ नांदतं ठेवणं हे विश्वस्तांच्या लेखी पहिलं काम असतं आणि त्यांचं तसं मानणं चूक नाही.

दादरच्या गोखले रोडवर 1596 पासून चर्च आहे. बसच्या कंडक्टरला ‘पोर्तुगीज चर्च’ सांगितलं की पुरतं. आजची इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांची, 1977 ची. काँक्रीटची कवचं, त्यांच्या माथ्यावरून खाली येणारा उजेड, मध्ये उघडी अंगणं. काळ, माध्यम आणि वरून उजेड आणण्याची कल्पना पाहिली तर ती थर्ड चर्चची नातेवाईकच. फरक असा की तिथली मंडळी मोठी आहे आणि इमारत वापरात आहे. अशा इमारतीची तपासणी वापर चालू असताना, वाद नसताना करून ठेवता येते. सळ्यांवर काँक्रीटचं आवरण किती उरलंय, कवचांच्या सांध्यांतून पाणी कुठे शिरतं, मूळ नकाशांच्या प्रती कुणाकडे आहेत, दिवे आणि पंखे कुठून बदलायचे, आणि वर्षाला किती पैसा बाजूला काढायचा. वॉशिंग्टनमध्ये 1991 च्या अर्जाबरोबर एवढी पाच पानं जोडलेली असती, तर 2009 मध्ये ट्रेगोनिंग यांच्या टेबलावर दोन्ही बाजूंचे आकडे असते.